चाकू जमवणारे आधी म्यान का बघतात? फिक्स्ड ब्लेड चाकू, चामड्याची शिवण आणि कायद्याची बाजू

चामड्याच्या म्यानातून चाकू बाहेर येतो, पात्यावर उजेड चमकतो आणि मग ‘टक्’ आवाज करत तो पुन्हा आत बसतो. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर अशा रील्स पुष्कळ दिसतात. बघणाऱ्याचं सगळं लक्ष पात्याकडे असतं.

पण हाच चाकू एखाद्या जुन्या संग्राहकाच्या हातात दिला, तर तो बहुतेकदा आधी म्यान बघेल. शिवण हाताची आहे की मशीनची? टाक्यांच्या आत चामड्याची जादा पट्टी घातली आहे का? म्यान उलटं धरून हलवलं तर चाकू खाली पडतो का?

कारण साधं आहे. घडीच्या चाकूचं पातं मुठीत लपतं. फिक्स्ड ब्लेड चाकूला ती सोय नसते. त्याची धार कायम उघडी असते आणि ती झाकायला म्यान हा एकच मार्ग असतो. म्यान चुकलं तर हात कापतो, पातं गंजतं किंवा हजारो रुपयांची वस्तू चालताना वाटेत पडते. म्हणूनच या छंदातले बरेच जण काही काळाने स्वतःच सुई-दोरा हातात घेतात.

फिक्स्ड ब्लेड म्हणजे नेमकं काय?

पातं आणि मूठ यांच्यामध्ये बिजागरी नसलेला चाकू म्हणजे फिक्स्ड ब्लेड. आपल्या स्वयंपाकघरातली सुरी, शेतातला कोयता, उसाच्या फडातलं हत्यार हे सगळे याच कुळातले. संग्राहक मात्र साधारणपणे शिकार, गिर्यारोहण, जंगलातली कामं किंवा सैन्यासाठी बनलेले चाकू जमवतात.

या चाकूचं पोलाद पात्यापाशी संपत नाही, ते मुठीच्या आतही जातं. या आतल्या भागाला ‘टँग’ म्हणतात. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलं असेल तर तो ‘फुल टँग’ आणि बारीक होत आत शिरलं असेल तर ‘हिडन टँग’. फुल टँगमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा इतर साहित्याच्या फळ्या रिव्हेटने बसवतात, त्यामुळे मुठीच्या कडेला पोलादाची रेघ दिसते. मध्ये सांधा नसल्याने असा चाकू घडीच्या चाकूपेक्षा जास्त दणकट असतो.

दुसरा प्रश्न पोलादाचा. ‘१०९५’ या पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार लावणं सोपं, पण ते गंजतंही पटकन. ‘४४०सी’ या स्टेनलेस पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे गंज उशिरा चढतो. ‘डी२’ या दोघांच्या मध्ये बसतं. स्टेनलेसवर गंज उशिरा चढतो, पण चढतच नाही असं नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

हा छंद आला कुठून?

आज ज्या स्वरूपात हा छंद दिसतो, त्याचं मोठं केंद्र अमेरिका आहे. तिथे सांगितली जाणारी एक गोष्ट या छंदातल्या बहुतेकांना ठाऊक असते. १९३७ साली मिशिगनमधल्या वॉलून तलावाकाठी बो रँडल यांनी एका माणसाला चाकूने बोटीवरचा रंग खरवडताना पाहिलं. एवढं करूनही धारेला काही झालं नव्हतं. तो चाकू विल्यम स्केगल नावाच्या कारागिराने बनवलेला होता. रँडल यांनी तसा चाकू स्वतः करून बघायचं ठरवलं. पुढे फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये त्यांचं काम उभं राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक त्यांच्याकडे चाकू मागवू लागले. आजही त्यांच्या कारखान्यात थेट नंबर लावला तर चाकू हातात पडायला काही वर्षं थांबावं लागतं.

याच युद्धात १९४२ साली अमेरिकेच्या मरीन कोरने ७ इंची पात्याचा एक चाकू स्वीकारला. तो ‘का-बार’ या नावाने प्रसिद्ध झाला. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली त्याची मूठ आजही ओळखू येते. युद्ध संपल्यावर असे चाकू घरोघरी पोचले आणि पुढे संग्राहकांच्या कपाटात आले.

१९७० मध्ये अमेरिकेत ‘नाइफमेकर्स गिल्ड’ ही कारागिरांची संघटना सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी बॉब लव्हलेस यांचं नाव आज मोठ्या आदराने घेतलं जातं. टोक किंचित खाली उतरलेल्या पात्याचा, म्हणजे ‘ड्रॉप पॉइंट’चा, शिकारी चाकू त्यांनी लोकप्रिय केला. त्यांच्या पद्धतीचं म्यानही तितकंच गाजलं. त्यात कुठलाही पट्टा किंवा बटण नसतं. चाकू मुठीसकट खोल आत जातो आणि ओलं करून आकार दिलेलं चामडं त्याला घट्ट धरून ठेवतं.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. फिनलंडच्या ‘पुक्को’ या छोट्या चाकूचं म्यान पाहिलं तर तिथेही मुठीचा मोठा भाग चामड्याच्या आत असतो आणि शिवण मागच्या बाजूला मधोमध येते. नेपाळच्या खुकुरीचं म्यान वेगळं. लाकडाच्या दोन फाळी जोडून त्यावर चामडं चढवलेलं असतं आणि मागे ‘कर्द’ आणि ‘चकमक’ ही दोन छोटी अवजारं खोचायला जागा असते. कोकणात रानात किंवा माडावर जाणारा माणूस कंबरेमागे आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवतो. ती बंद म्यान नाही, पण तिने सोडवलेला प्रश्न तोच आहे: दोन्ही हात मोकळे ठेवून उघडी धार सोबत कशी न्यायची?

म्यानावरून चाकूचं वय कसं कळतं?

रँडल चाकूंचे संग्राहक याचं चांगलं उदाहरण आहेत. रँडल यांचा कारखाना म्यानं बाहेरून करून घेत असे. सुरुवातीच्या काळात डेन्व्हरच्या हायझर या कंपनीची म्यानं यायची, पुढे जॉन्सन यांची आणि त्यानंतर सलिव्हन यांची. प्रत्येकाचा शिक्का, बटण आणि चामड्याची मागची बाजू वेगळी. त्यामुळे पात्यावर साल कोरलेलं नसलं तरी म्यान बघून चाकू साधारण कोणत्या काळातला हे सांगता येतं.

याचा परिणाम किमतीवरही होतो. मूळ म्यान हरवलेला चाकू हा अर्धा दस्तऐवज हरवल्यासारखा मानला जातो. आणि उलटही खरं आहे: जुन्या काळातला म्हणून विकायला ठेवलेल्या चाकूसोबत नंतरच्या काळातलं म्यान असेल, तर विकत घेणाऱ्याने दोनदा विचार करावा. म्हणून जुनं म्यान फाटकं असलं तरी अनुभवी माणूस ते फेकत नाही. वापरण्यासाठी नवं शिवतो आणि जुनं चाकूसोबत जपतो.

म्यान शिवतात कसं?

चामडं, दोरा आणि संयम एवढ्यावर काम होतं असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात सगळा खेळ मापाचा आहे. साधारण क्रम असा:

१. कागदी नमुना. चाकू जाड कागदावर ठेवून बाहेरची रेघ काढतात. शिवणीसाठी बाजूला जागा सोडतात. ती सोडताना चाकूची जाडीही धरावी लागते, कारण दोन थरांच्या मध्ये चाकू बसला की चामडं फुगतं. नवखा माणूस नेमका इथे चुकतो आणि शिवून झाल्यावर चाकू आतच जात नाही.

२. कापणी. चामड्याची जाडी औंसात मोजण्याची पद्धत आहे. १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. मध्यम आकाराच्या चाकूसाठी ८ ते ९ औंस, म्हणजे ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडीचं चामडं घेतात. आपल्याकडचे चर्मकार यासाठी रापी वापरतात.

३. मधली पट्टी. इंग्रजीत हिला ‘वेल्ट’ म्हणतात. दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याची एक अरुंद पट्टी चिकटवतात. ही नसेल तर चाकू आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते. एक एक टाका कापला जातो आणि एक दिवस पातं शिवणीतून बाहेर येतं. बाहेरून सुंदर दिसणारं, पण ही पट्टी नसलेलं म्यान धोकादायक असतं.

४. टाके. पट्टी चिकटवून झाली की दर ३-४ मिलिमीटरवर खुणा करून आरीने भोकं पाडतात. दोरा शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट घेऊन त्याला मेण लावतात. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. याला ‘सॅडल स्टिच’ म्हणतात, कारण घोड्याचं खोगीर असंच शिवतात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. हाताच्या या टाक्यात एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

५. आकार देणं. तयार म्यान कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवतात. चाकूला तेल लावून प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळतात आणि आत घालून बोटांनी चामडं मुठीभोवती दाबतात. मग चाकू काढून म्यान सावलीत सुकवतात. घाईने उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर चामडं कडक होऊन तडकतं. ‘टक्’ असा जो आवाज रीलमध्ये येतो, तो या टप्प्याची कमाई असते.

६. कडा आणि शेवटचा हात. कडा पॉलिश पेपरने घासून, किंचित ओल्या करून लाकडाच्या तुकड्याने रगडतात. त्या गुळगुळीत आणि घट्ट होतात, पाणी लवकर शिरत नाही. शेवटी तेलाचा हलका हात आणि मेण. तेल जास्त झालं तर चामडं मऊ पडतं आणि इतक्या मेहनतीने दिलेला आकार सुटतो.

कोणतंही चामडं चालतं का?

नाही. जॅकेट आणि पर्सचं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, ओलं करून दिलेला आकार धरत नाही आणि त्यातले क्षार पोलादाला गंज आणू शकतात. म्यानासाठी झाडांच्या सालींनी कमावलेलं, म्हणजे ‘व्हेजिटेबल टॅन्ड’ चामडं लागतं.

मराठी वाचकाला हे चामडं अनोळखी नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. चामडं ओळखणारा, आरी चालवणारा आणि हाताने टाका घालणारा माणूस या पट्ट्यात आहे. परदेशातल्या छंदी लोकांचे व्हीडिओ बघून शिकण्याआधी एखाद्या चर्मकाराच्या दुकानात तासभर बसलं, तर रापी कशी धरायची आणि चामडं कोणत्या दिशेने ताणतं हे लवकर समजेल.

मग चाकू म्यानातच ठेवायचा ना?

नाही. या छंदात नव्याने येणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक हीच असते.

चामडं हवेतला ओलावा शोषतं आणि धरून ठेवतं. सालींनी कमावलेलं चामडं थोडं आम्लधर्मी असतं. असं चामडं पोलादाला चिकटून महिनोन् महिने राहिलं की पात्यावर आधी काळे ठिपके येतात, मग गंजाचे खड्डे पडतात. खड्डे पडले की ते घासून काढताना पोलादच कमी होतं. मुठीला पितळेचा भाग असेल तर चामड्यातल्या तेलांशी त्याचा संयोग होऊन हिरवा थर जमतो. कोकण, मुंबई किंवा सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हे सगळं आणखी वेगाने घडतं. शिवाय बंद कपाटात म्यानावर बुरशी येते ती वेगळीच.

म्हणून नियम असा: म्यान चाकू सोबत नेण्यासाठी असतं, साठवण्यासाठी नाही. घरी आल्यावर चाकू पुसून, कोरडा करून, पात्यावर मिनरल ऑइलचा पातळ हात देऊन वेगळा ठेवायचा. खाण्याची तेलं काही दिवसांनी चिकट होतात, ती टाळलेली बरी. बरेच संग्राहक सूक्ष्मस्फटिक मेण वापरतात. संग्रहालयांमध्ये धातूच्या वस्तू जपायलाही असंच मेण वापरलं जातं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि दर महिन्याला एकदा पातं उघडून बघायचं. म्यान हवेशीर जागी वेगळं ठेवून त्याच्यावर चाकूचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली, की जोडी चुकत नाही.

आणखी एक सवय आयुष्यभर उपयोगी पडते. चाकू उपसताना म्यान मुठीत गच्च धरू नये. बोटं धारेच्या बाजूला, शिवणीवर आली आणि टाके जुने असतील, तर पातं चामडं चिरून थेट बोटांपर्यंत पोचतं. म्यान कायम पाठीच्या बाजूने किंवा दोन्ही सपाट बाजूंनी धरावं.

भारतात असे चाकू बाळगणं कायदेशीर आहे का?

इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्यानुसार तलवार, खंजीर, भाला, तसंच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू यातून वगळल्या आहेत. कायद्याच्या कलम ४ नुसार, केंद्र सरकारने ज्या भागासाठी अधिसूचना काढली असेल तिथे अशी शस्त्रं घेणं, बाळगणं आणि सोबत नेणं यासाठी परवाना लागतो.

याचा अर्थ ९ इंचांपेक्षा लहान चाकू कुठेही मिरवता येतो, असा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू, तलवारी, काठ्या घेऊन फिरायला बंदी असते. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात असे आदेश नेहमी निघतात. तेव्हा पात्याची लांबी मोजून सुटका होत नाही. शीख धर्मीयांच्या कृपाणाला संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये वेगळं संरक्षण आहे. विमानात चाकू केबिन बॅगेत चालत नाही.

सोशल मीडियावर असलेल्यांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. तलवारीने केक कापतानाचे किंवा कोयता नाचवतानाचे व्हीडिओ व्हायरल झाले आणि पोलिसांनी गुन्हे दाखल केले, अशा बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. हातात वस्तू कोणती आहे यासोबत ती कुठे आणि कशी दाखवली हेही बघितलं जातं. टेबलावर ठेवलेला चाकू आणि त्याची शिवण दाखवणारा फोटो वेगळा. रस्त्यावर पातं उपसून केलेली रील वेगळी.

आजोबांच्या पेटीत जुनी कट्यार किंवा बिचवा सापडला तर आणखी एक कायदा लक्षात ठेवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अशी वस्तू ऑनलाइन विकायला ठेवण्याआधी किंवा घासून चकचकीत करण्याआधी जाणकाराचा सल्ला घेतलेला बरा. जुन्या पात्यावरचा काळसरपणा घालवला की त्याचा इतिहासही पुसला जातो.

सुरुवात करायची असेल तर?

पहिला चाकू महाग नसावा. ४ इंचांच्या आसपास पात्याचा, साध्या आकाराचा, फळं चिरायला किंवा कॅम्पिंगला उपयोगी पडेल असा एक चाकू पुरे. तो घेतला की लगेच दुसरा घेण्याऐवजी त्याचं म्यान शिवून बघावं. आधी कागदाचं करावं, मग जाड पुठ्ठ्याचं आणि शेवटी चामड्याचं. पहिलं म्यान बहुतेक वेळा वाकडं होतं, टाके एका रेषेत येत नाहीत आणि कडा ओबडधोबड राहतात. तेवढं चालतं.

दोन गोष्टी मात्र चालत नाहीत. आत मधली पट्टी हवीच. आणि म्यान गादीवर उलटं धरून चार-पाच वेळा जोरात हलवल्यावर चाकू पडता कामा नये. या दोन परीक्षांमध्ये पास झालेलं वाकडं म्यान, नापास झालेल्या देखण्या म्यानापेक्षा केव्हाही चांगलं.